ऊन हातांची सिस्टर

बायका निघून जातात हे मला पहिल्यांदा कळलं ते भांड्यांवरून. चिकोंबे आरोग्य केंद्राच्या मागे एक लांबट खोली आहे. दिवस भरत आलेल्या बायका तिथे आठ-दहा दिवस आधीच येऊन राहतात, सोबत आई नाहीतर मावशी. कळा सुरू झाल्यावर डोंगर उतरायची धावपळ नको म्हणून ही सोय. मार्चमधल्या एका सोमवारी तिथे नऊ जणी होत्या. चुली पेटलेल्या, गाणी चाललेली, कुणाच्या पोटात मुलगा आणि कुणाच्या पोटात मुलगी यावर वादावादी. बुधवारी सकाळी जाऊन बघते तर खोली झाडलेली, चुलीतली राख भरून टाकलेली आणि चिटपाखरू नाही. घाबरून पळणारं माणूस भांडी टाकून पळतं. या बायका भांडी घासूनपुसून घेऊन गेल्या होत्या. म्हणजे सगळं ठरवून झालं होतं.

"कुठे गेल्या सगळ्या?" मी नाबांदांना विचारलं. नाबांदा आमच्या मदतनीस. साठीला टेकलेल्या, विधवा. फरशी पुसतात, चादरी उकळतात आणि ओरडणाऱ्या बायकांना दम भरतात.

"घरी गेल्या."

"ते दिसतंय मला. का गेल्या?"

"मका राखायचा असेल. माकडं उतरलीत."

"नऊ महिन्यांच्या पोटानिशी माकडं हाकणार?"

"मग मामांनी बोलावलं असेल," असं म्हणून त्यांनी बादली उचलली. इथे घराघरांत शब्द चालतो तो आईच्या भावाचा, त्यामुळे मामाचं नाव घेतलं की पुढे कुणी काही विचारत नाही. आणि नाबांदांनी बादली उचलली की बोलणं संपलं, असं मीही शिकले होते.

मी उत्तरेकडची, तुंबुका जमातीची. या चेवा लोकांच्या मुलखात मला चौथं वर्ष. भाषा त्यांच्यासारखी बोलते, त्यांच्यासारखा मक्याच्या पिठाचा न्सिमा रांधते, पण माहेर दूर आणि शाळा मिशनची, त्यामुळे आतल्या गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या. शिवाय माझा स्वभाव चौकशीखोर. एखादी गोष्ट का घडते हे कळलं नाही की मला जेवण गोड लागत नाही.

पहिली तीन वर्षं माझं छान चाललं होतं. महिन्याला चाळीस बाळंतपणं. जिल्ह्याच्या साहेबांनी भर सभेत माझं नाव घेतलं, बाकीच्या नर्सना म्हणाले, वेझीकडे जाऊन बघा जरा. मी वरवर लाजले, पण मनात म्हटलं, खरंच आहे, माझ्या हाताला गुण आहे. मग या फेब्रुवारीपासून आकडा घसरायला लागला. एकोणतीस, बावीस, एकोणीस. दुसऱ्या नर्सची जागा दोन वर्षं रिकामी आहे आणि औषधं देणारे आमचे भाऊसाहेब पुरुष, त्यांना बायका त्या खोलीच्या दारातही उभं करत नाहीत. म्हणजे जे काही बिघडलं होतं, ते माझ्याच राज्यात बिघडलं होतं.

आणि याच मार्चमध्ये मेलिफा पहिल्यांदा तपासायला आली. वय वीस, चौथा महिना, पापणी उलटून बघितली तर आत पांढरी फटक. पहिली मुलगी घरी झाली होती, आजीच्या हातांवर. ती रडलीच नाही. आणि मेलिफाचं इतकं रक्त गेलं की दोन महिने ती अंथरुणातून उठली नव्हती.

"या वेळी घरी नाही हं व्हायचं," मी म्हटलं. "ऑगस्टमध्ये तुझे दिवस भरतील. जुलै संपायच्या आत मागच्या खोलीत येऊन राहायचं. कळलं?"

"हो, सिस्टर."

"घरी तसंच रक्त गेलं तर तुला इथे आणेपर्यंत उशीर होईल. कळलं?"

"हो, सिस्टर."

ती कशालाही हो म्हणायची. सोबत तिची आजी नामवाले उभी होती. मुखियाने घरच्या बाळंतपणांवर बंदी घालण्याआधी अर्धा डोंगर याच म्हातारीच्या हातात जन्मला होता. ती माझ्या हातांकडे टक लावून बघत राहिली. मला वाटलं, हातमोज्यांचं कौतुक वाटत असेल.

मी तपास हाती घेतला. स्वयंपाकघरात बियाणं कंपनीचं एक कॅलेंडर आहे. खोली ज्या दिवशी रिकामी व्हायची त्या तारखेला मी लाल गोल करायला लागले. मग एकेक संशय घेतला. बाजाराचा दिवस म्हणावा तर कधी सोमवार, कधी शुक्रवार. चंद्र बघितला, त्याचाही मेळ बसेना. संडासाचं दार मोडलं होतं ते दुरुस्त करून घेतलं. नाबांदांना म्हटलं, जरा गोड बोला. त्या दोन दिवस इतकं गोड बोलल्या की एका बाईने मला येऊन विचारलं, सिस्टर, नाबांदांची तब्येत बरी आहे ना? आणि तिसऱ्या दिवशी खोली परत रिकामी.

वर आणखी एक चमत्कार. तीन-चार दिवस गेले की बायका आपोआप परत यायच्या. त्याच बायका, तीच भांडी. फक्त मधल्या दिवसांत ज्यांचे दिवस भरायचे त्या यायच्या नाहीत. त्यांची बाळंतपणं कुठेतरी घरात, अंधारात उरकली जायची. मे महिन्यात त्यांतली दोन बाळं गेली. ती बातमी मला तीन आठवड्यांनी कळली, तीही बाजारात कांदे घेताना. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. रडू आवरल्यावर पुन्हा कॅलेंडरसमोर उभी राहिले.

कोडं सोडवलं ते माझ्या नवऱ्याने, आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता.

लंबानी तीन वर्षं जोहान्सबर्गला होता, फेब्रुवारीत परत आला. आता म्झुझू ते लिलाँग्वे लॉरी चालवतो. माल वेळेत उतरला की मोठा रस्ता सोडून आमच्या चढाला लागतो आणि एक-दोन रात्री माझ्याकडे राहतो. जूनमधल्या एका सकाळी तो स्वयंपाकघरात चहा पीत होता आणि मी त्याने सरोवरावरून आणलेले मासे साफ करत होते. तो कॅलेंडरसमोर जाऊन उभा राहिला आणि लाल गोलांवरून बोट फिरवायला लागला.

"वेझी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क ओला झाला होता. "हे सगळं तू लिहून ठेवलंस?"

"काय?"

"पाच मार्च. सोळा मार्च, हो, टायर फुटला होता ती खेप. एक एप्रिल. अगं, माझी एकही खेप सोडली नाहीस. आणि मला वाटायचं, हिला माझी आठवणसुद्धा येत नसेल, हिला आपली बाळंतपणं पुरतात."

माझ्या हातातला मासा तसाच राहिला. मी खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात निळी लॉरी उभी होती आणि तिच्या मागे, नऊ वाजताच्या उन्हात, तीन बायका डोक्यावर भांडी घेऊन फाटकाबाहेर पडत होत्या.

"लंबानी, या खुणा तुझ्यासाठी नाहीत."

"मग कुणासाठी? दुसरा कोण येतो?" तो हसायला लागला. मला मात्र हसू येईना. हात न धुताच मी बाहेर पळाले.

नाबांदा चादरी पिळत होत्या. मला बघताच त्यांचा हात बादलीकडे गेला.

"बादलीला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "लॉरीचा आणि बायकांचा काय संबंध?"

त्यांनी पिळलेली चादर दोरीवर टाकली, कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाला हात पुसले आणि सुस्कारा सोडला. "कळलं का एकदाचं! आम्ही आपसात म्हणायचो, एवढी शिकलेली बाई, हिला एवढं साधं कसं कळत नाही."

"काय साधं?"

"तुमचे हात ऊन असतात, सिस्टर. नवरा मुक्कामाला आला की बाई ऊन होते. त्यात काही पाप नाही, देवानेच केलंय ते. पण ऊन हातांनी कोवळ्या मुलाला धरलं की मूल खोकतं, वाळतं, जातं. याला आमच्यात मदुलो म्हणतात. आपल्या मुलाचं कुणाला वाटोळं करून घ्यायचंय? लॉरी चढाला लागली की वरच्या वस्तीला आवाज येतो. मग भांडी बांधायची."

"आणि आधीची तीन वर्षं?"

"तेव्हा तुमचा माणूस जोहान्सबर्गला. तेव्हा तुम्ही अशा गार होतात, रांजणातल्या पाण्यासारख्या. म्हणून तर बायका धावत यायच्या."

"पण मी हातमोजे घालते, नाबांदा! साबणाने हात धुते!"

"तापलेलं भांडं फडक्याने धरलं म्हणून गार होतं का?"

मी तिथेच पायरीवर बसले. आधी भयंकर लाज वाटली. माझा नवरा कधी आला, किती रात्री राहिला, याचा हिशेब डोंगरावरची पोरंटोरंसुद्धा ठेवत होती. मग राग आला. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जास्त झोंबली ती साहेबांची शाबासकी. ते चाळीसचे आकडे हाताच्या गुणाचे नव्हतेच, माझ्या एकटेपणाचे होते. नाबांदा शेजारी येऊन बसल्या.

"चार महिने मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? नवऱ्याला घरात घेऊ नका? सांगून बघितलं असतं तर तुम्ही मला झाडूने मारलं असतं."

मारलं असतं, हे खरंच होतं.

पुढचे पंधरा दिवस मी सगळा वेडेपणा करून घेतला. आधी आंब्याखाली बायकांना गोळा केलं आणि तासभर समजावलं की खोकला कशाने होतो, बाळ कशाने वाळतं, हातांची ऊब कुणाला मारत नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या नावाचं गाणंसुद्धा म्हटलं. पुढच्या वेळी लॉरी आली आणि त्याच टाळ्या वाजवणाऱ्या पाच जणी निघून गेल्या. मग मी लंबानीला म्हटलं, लॉरी खाली बाजारात लाव आणि चालत ये.

"आपल्या लग्नाच्या बायकोकडे चोरासारखा येऊ?" तो म्हणाला. पण आला बिचारा. पायवाट तीन वस्त्यांमधून जाते हे आम्ही दोघंही विसरलो होतो. तो दारात पोचायच्या आधी खोली रिकामी झाली होती. वर एका म्हातारीने त्याच्याजवळ माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगाही पाठवल्या होत्या.

शेवटी मी साबणाची एक वडी घेतली आणि सरळ नामवालेकडे गेले. म्हातारी कणगीच्या सावलीत शेंगा फोडत बसली होती. शेजारी मेलिफाही शेंगा फोडत होती, तिचं पोट आता चांगलं दिसायला लागलं होतं. नामवाले सगळ्यांना अरेतुरे करायची. डोंगरावरचं बहुतेक माणूस तिने उघडंच पहिल्यांदा बघितलं होतं, मग मान कुणाला द्यायचा?

"समजावायला आलीस?" ती म्हणाली.

"नाही, आजी. विचारायला आले."

तिने शेंग हातातच धरली. मी पण बसले आणि एकीकडे शेंगा फोडत विचारत गेले. हात किती दिवस ऊन राहतात? तीन दिवस. चौथ्या दिवशी चालतं. नुसतं बघितलं तर? बघण्याने काही होत नाही, बघ की हवं तेवढं. आईला हात लावला तर?

"आईला काय होतंय? आईला लाव."

"सुई टोचली तर?"

"टोच."

"आणि मूल?"

"मुलाला आधी गार हात पाहिजे. म्हातारीचा, विधवेचा. नाळ गळून पडेपर्यंत तरी."

"म्हणजे आजी, मी आईचं सगळं बघितलं आणि बाळाला नाबांदांनी झेललं, पुसलं, छातीवर ठेवलं, तर बायका थांबतील?"

"तर मग पळतील कशाला?" म्हातारी म्हणाली. "भांडी वाहून वाहून त्यांच्या माना दुखतात."

चार महिने मी ज्याच्यासाठी कॅलेंडर रंगवत होते ते एका टोपलीभर शेंगांत उलगडलं. म्हातारी माझ्याकडे बघून हसली. "इतक्या वर्षांत तुझ्यासारख्या पाच सिस्टर आल्या इथे. सगळ्यांनी सांगितलं. विचारलं कुणीच नाही. तू पहिली."

मी फुगले. खोटं कशाला सांगू, उतरताना मी गाणं म्हणत उतरले. मेलिफा फाटकापर्यंत मला सोडायला आली होती. तिच्याशी मी काय बोलले ते आठवतंय मला: "रक्ताच्या गोळ्या घेतेस ना?" ती म्हणाली, "हो, सिस्टर."

नाबांदांना शिकवायला मी कापडी बाहुली केली. बाळ झेलायचं कसं, कोरड्या चितेंजेने खसाखसा पुसायचं कसं आणि रडलं नाही तर तोंडावर मुखवटा धरून रबरी फुगा दाबत श्वास द्यायचा कसा. सहा आठवडे रोज. नाबांदा आधी म्हणाल्या, या वयात मला बाहुली खेळायला लावता. पण लवकरच त्या बाहुलीला झोपेतसुद्धा श्वास देतील इतक्या तयार झाल्या. जुलैत आकडा एकतीसवर गेला. लॉरी आली तरी दोनच जणी गेल्या, त्याही एकमेकींच्या भिडेने. लंबानी अंगणात छाती काढून उभा राहायला लागला. बायका त्याला बघून तोंडावर हात ठेवून हसायच्या.

जुलैच्या अखेरीला मेलिफा आजीसोबत मागच्या खोलीत येऊन राहिली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी लंबानी आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. बाहेर कोरडा गार वारा सुटला होता. मागच्या वेळचं आठवून मी रक्त थांबवायच्या दुसऱ्या सुईचं औषधही आधीच काढून ठेवलं. नामवाले उशाशी उभी राहिली, नाबांदा चितेंजे हातावर पसरून पायाशी.

दुपारी सव्वा बाराला मुलगा झाला. नाबांदांनी त्याला अलगद झेललं. मी मेलिफाच्या मांडीत सुई टोचली आणि रडण्याची वाट बघितली.

रडणं आलं नाही. पोर निळसर, हातपाय लोंबणारे. नाबांदांनी त्याला पुसलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. काही नाही. त्यांनी टेबलावर ठेवलं, मुखवटा लावला, फुगा दाबला. छाती हलली नाही. हवा गालापाशी फुसफुसून निघून जात होती.

"हनुवटी वर करा, नाबांदा! मान सरळ!"

"करते, करते," त्या म्हणाल्या, पण बाहुलीवर कधी न चुकलेले त्यांचे हात लटलट कापत होते. ही बाहुली नव्हती.

मी हातमोजे ओरबाडून काढले, नवे चढवले आणि टेबलाकडे धावले. नामवाले मध्ये आली. वाळलेल्या काटकीएवढी म्हातारी, पण दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"लॉरी उभी आहे बाहेर," ती म्हणाली.

खोटं माझ्या जिभेवर आलं होतं. काल लंबानी लॉरीतच झोपला, आजी, माझे हात गार आहेत. एवढंच म्हणायचं होतं. ते नाही चाललं तर तिला ढकलून द्यायला हातही उचललेला होता माझा.

"आजी, बाजूला हो."

आम्ही दोघींनीही मागे बघितलं. मेलिफा कोपरांवर उठली होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पहिलीला तुझ्याशिवाय कुणी शिवलं नव्हतं," ती म्हणाली. "तरी ती रडली नाही. याला सिस्टरकडे दे."

हो आणि सिस्टर, या दोन शब्दांपलीकडे मी तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मी सगळ्या डोंगराला प्रश्न विचारले होते, आणि जिचं मूल होतं तिला विचारलं होतं ते गोळ्यांबद्दल.

म्हातारीचे हात खाली आले. मी मुलाची मान सरळ केली, हनुवटी उचलली, मुखवटा घट्ट बसवला आणि फुगा दाबला. छाती वर आली. पुन्हा दाबला. पुन्हा वर आली. शेजारी नाबांदा मोठ्याने मोजत होत्या आणि मोजता मोजता रडत होत्या. मागून नामवालेचा आवाज येत होता. ती पलंगाशी गेली होती, नातीच्या पोटावर हात ठेवून मला सांगत होती, रक्त येतंय, पण धार नाही, अजून धार नाही. ते तिला माझ्याइतकंच कळत होतं. किती वेळा दाबलं मला आठवत नाही. नाबांदा म्हणतात त्रेपन्न. मग मुलाने तोंड वाकडं केलं, एक श्वास आत ओढला आणि असा काही रागाने ओरडला की मागच्या खोलीतल्या बायकांनी तिकडून आरोळी दिली.

पोर आईच्या छातीवर दिलं आणि मी आईकडे वळले. वार आली, आणि तिच्यामागोमाग रक्त. दुसरी सुई. म्हातारीने मूठ आवळून पोट चोळायला घेतलं, मी सांगायच्या आधीच, आणि थांबली ती पोट दगडासारखं घट्ट लागल्यावर. अर्ध्या तासाने रक्त आटोक्यात आलं.

तीन वाजता मेलिफा मक्याची पेज पीत होती. मुलगा तिच्या छातीला चितेंजेने बांधलेला, फक्त टोपरं दिसत होतं. नामवाले भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. मी नाडी बघायला गेले तेव्हा मेलिफाने मनगट सोडवून घेतलं आणि माझा हात धरला.

"सिस्टर, एक विचारू?"

"विचार ना."

"पहिलीला हा फुगा लावला असता, तर ती रडली असती?"

मी म्हातारीकडे बघितलं. या खोलीत त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती. काहीतरी गुळमुळीत बोलावं, देवाची इच्छा वगैरे, असं मनात आलं.

"सांग, सिस्टर," नामवाले म्हणाली. "मलाही ऐकायचंय."

"बहुतेक रडली असती," मी म्हणाले.

मेलिफाने मान हलवली आणि टोपऱ्यावर हात ठेवला. म्हातारी आपल्या तळहातांकडे बघत होती. मग तिने एक हात जमिनीवर टेकला आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून मिटायला लागली. पाच झाली, मूठ उघडून पुन्हा मिटली, दहा झाली, आणि मग तिने पहिलं बोट पुन्हा मिटलं.

"अकरा होती अशी," ती म्हणाली. "माझ्या हातात आलेली. निळी, न रडलेली. सगळी आठवतात मला. कुणाची कुठे पुरली तेही." तिने वर बघितलं. "त्यांतली किती, सिस्टर?"

"मला नाही सांगता येणार, आजी. प्रत्येकाचं वेगळं असतं. किती वेळ अडकलं होतं, पाणी कसं होतं, बेंबीजवळ नाडी लागत होती की नाही."

"ते सगळं ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मी सांगते. तू बघ."

बाहेर लंबानी लॉरीचं इंजिन चालू करत होता, त्याला अंधार पडायच्या आत लिलाँग्वे गाठायचं होतं, आणि मी निरोप द्यायला येईन म्हणून तो दोनदा भोंगा वाजवून थांबला होता. मी गेले नाही. जमिनीवर म्हातारीशेजारी बसले.

"पहिलं सांगा," मी म्हणाले.